सात वाजताची मालकीण

तात्यांनी मला माझ्या नावानं एकदा बी हाक मारली न्हाय. लासुर्णे म्हणायचे. माझं माहेर लासुर्ण्याचं, म्हणून मी लासुर्णे. दूध घालायला यायची ती बाई कन्हेरी. त्येंचा पोरगा चाकणला कंपनीत, त्येचा फोन आला की, "हां चाकण, बोल." माझी इसू तवा सात म्हयन्यांची, ती हाफ तिकीट. अन् त्येंची बायको, जिला मी कधी बघितलं न्हाय, आमी बारामतीत ऱ्हायला यायच्या आधीच ती गेली व्हती, ती पळसदेव. "पळसदेव असती तर तुला डिंकाचं लाडू घातलं असतं," असं म्हणायचे, अन् मला पयल्यांदा वाटलं, आख्खं गाव मला लाडू कशाला घालंल.

सगळी नोकरी इंदापूरच्या स्टँडावर कंट्रोलर म्हणून झाली त्येंची. काचंच्या खोलीत बसून गाड्या सोडायच्या अन् भोंग्यावर सांगायचं, कुठली गाडी कुठल्या फलाटाला. रिटायर झाल्यावर पोराच्या सोयीनं बारामतीत घर बांधलं, अन् घर झाल्यावर पोरगा चाकणला गेला. आवाज मातर तसाच राह्यला व्हता, भोंग्यातला, जरा नाकातनं. चहा झाला असं म्हणायचे न्हाईत. "चहा फलाटावर लागलाय," म्हणायचे.

हे मी आता सांगतीय कारण आता पेटी न्हाय. पेटी व्हती तवर कुणाला सांगायचं नव्हतं.

आमची खोली त्येंच्या भिंतीला लागून. आमच्या ह्येंची कंपनीत दुसरी पाळी, दुपारी जायचे ते पार रातच्याला यायचे. मी आठवी शिकलेली, लासुर्ण्याच्या भाईर कधी एकटी राह्यले न्हाय, अन् हितं पत्र्याच्या दाराची खोली, कडी लावली तरी दार हालायचं. इसू झाली तीच कमी वजनाची. मी सारखं तिच्या नाकाम्होरं बोट धरून बघायची, श्वास हाय का, हाय, मग परत बघायची. दिवं लागायच्या वक्ताला माझी छाती धडधडायची. कशानं ते मला आजून सांगता येत न्हाय, कायबी झालेलं नसायचं, नुस्तं भाईर अंधारायचं अन् रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून जायचा अन् मला वाटायचं आता कायतरी व्हणार.

अन् एक दिवस झालंच. इसू दूध पिता पिता ठसकली अन् काळीनिळी पडली. मी वरडले का न्हाय ते आठवत न्हाय, मी पायात चप्पल न घालता तात्यांच्या दारात. तवर त्येंच्यासंगं मी धड बोलले बी नव्हते. त्येंनी पोरीला हातातनं घेतलं, तळव्यावर पालथं घातलं, पाठीवर तीन थापट्या मारल्या, दूध भाईर आलं अन् ती रडाया लागली. तिच्याबरूबर मी बी. तात्या म्हणाले, "रड. पण बसून रड. सात वाजाय आलं. सातची सुटल्याबिगर मला कुणाशी बोलता येत न्हाय."

मग त्येंनी टीवी लावला. टीवीच्या खाली एक काळी पेटी, शाळेतल्या कंपासपेटीयेवढी, तिच्यावर लाल दिवा लुकलुकाया लागला. तात्यांनी एक बारका रिमोट घेतला, टीवीचा न्हाय, दुसराच, अन् अंगठ्यानं बटणं दाबत गेले. एक दाबलं, म्हणाले, "मी." दोन दाबलं, "पळसदेव." तीन, "चाकण." चार, "चाकणची मंडळी." पाच, "नात." मी सगळ्या खोलीत बघितलं. एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर हार घातलेला फोटू. माणूस एक न्हाय. मला वाटलं म्हातारा भुतं बसवतोय. पोरीला छातीशी धरून मी उठायच्या बेतात, तवर त्येंनी माझ्याकडं न बघताच इचारलं, "वय किती तुझं?"

"बावीस."

"बावीस. बाई. पाव्हणी," म्हणून त्येंनी सहावं बटण दाबलं. "हां. चढलीस. बस आता."

"अन् हिचं?"

"हाफ तिकीट. हिला बटण न्हाय. मांडीवरचं लेकरू यष्टीत बी मोजत न्हाईत."

मला वाटलं पेटीत क्यामेरा हाय. मी डोक्यावरनं पदर घेतला. पुढं म्हयनाभर तरी मी टीवीम्होरं डोक्यावर पदर घेऊनच बसत व्हते, अन् तात्या हसत व्हते पण सांगत नव्हते. शेवटी म्हणाले, "आगं, ती डोळ्यानं बघत न्हाय. ती फक्त शिटा मोजती."

तर पेटी अशी व्हती. कुठली तरी कंपनी ठराविक घरात ती बसवती. घरात कोण कोण कुठलं च्यानल बघतंय, ते बटणावरनं त्येंना कळतं. मग हजारो घरांचं मिळून ठरतं की कुठली शिरेल चालती, कुठली पडली, कुणाचा टाईम बदलायचा, कुणाला बंद करायचं. जाहिरातवालं बी त्येच बघून पैसं देत्यात. बसवताना सांगितलेलं, कुणाला बोलायचं न्हाय, न्हायतर च्यानलवालं येत्याल अन् आमचंच बघा म्हणत्याल. अन् एक नेम व्हता, तो तात्यांनी मला यष्टीच्या नेमासारका पाठ करून घेतला. बसताना आपलं बटण दाबायचं, उठून जाताना परत त्येच दाबायचं. चढायला बी त्येच बटण, उतरायला बी त्येच. रोज साडेसात झालं की मी पोरीला उचलायची अन् तात्या अंगठा दाबून म्हणायचे, "पाव्हणी उतरली." एक दिस चुकले न्हाईत.

मग पाच बटणांचं काय, असं मी इचारलं न्हाय. मला इचारायचं भ्या वाटायचं. पण पेटी बसवली तवा घरात खरंच पाच जण व्हते, हे हळूहळू कळलं. पोरगा, सून, नात चाकणला गेली. मग पळसदेव गेली. कंपनीला कळवायला पायजे व्हतं, माणसं कमी झाली म्हणून. तात्यांनी कळवलं न्हाय. ज्या माणसानं हयातीत एक गाडी एक मिनिट आधी सोडली न्हाय, त्येनं आयुष्यात तेवढीच एक नोंद खोटी ठेवली व्हती, अन् ती बी रोज.

टीवीला तात्या स्टँडच समजायचे. च्यानल म्हंजे फलाट. शिरेल म्हंजे गाडी. जाहिराती लागल्या की थांबा. एक वही व्हती त्येंची, तिच्यात लिहायचे, सात दोनला सुटली, सात अकराला थांबा, सात पंधराला सुटली. "बघ लासुर्णे," म्हणायचे, "आता सगळ्या फलाटांवर एकाच मिनिटाला थांबा घेत्यात. का? तर इकडं जाहिरात लागली म्हणून तू उठून तिकडं जाशील, तर तिकडं बी जाहिरातच. पॅसेंजर पळू नये म्हणून सगळ्या डायव्हरांनी एकदमच चहा प्यायचा." रविवारी दोन तासाची शिरेल दावली की जादा गाडी. क्रिकेट म्हंजे जत्रा स्पेशल, "तिच्याम्होरं कुठली बी गाडी लावा, रिकामीच जायची." अन् दोन च्यानलांनी एकाच टायमाला तशाच सासूसुनंच्या दोन शिरेली लावल्या की त्येंना लय राग यायचा. "अरं, अकलूजला दोन गाड्या सातलाच सोडल्या तर दोन्ही अर्ध्या जात्याल का न्हाय? एक पावणेसातला सोड, एक सव्वासातला. येवढं कंट्रोलरला कळतं अन् ह्या मुंबैच्या साहेबांना कळंना!"

मी एकदा म्हणाले, "तात्या, तुमीच जायला पायजे व्हतं मुंबैला."

"मी? मी तर पहिल्याच दिवशी म्हणलो असतो, साहेब, साडेसहाला कुठली बाई मोकळी हाय ते सांगा. साडेसहाला धार असती. पावणेसातला डेरीला किटली. सातला बाई पदराला हात पुसती. सात ते साडेसात तिचं सोताचं. साडेसातला भाकरी." मग फोटूकडं बघून म्हणाले, "पळसदेव पदराला हात पुसत यायची अन् म्हणायची, सरका."

सातची त्येंची नव्हती, पळसदेवची व्हती. तात्या तवा बातम्यावाले, शिरेल लागली की अंगणात जाऊन बसायचे. हे त्येंनी मला सांगितलं तवा वटाण्याच्या शेंगा सोलत व्हते, अन् सोलता सोलताच सांगितलं. पळसदेव दवाखान्यात व्हती. त्या हप्त्यात शिरेलीत ती सून पिशवी घेऊन सासरच्या दारात उभी व्हती अन् सासू दार उघडत नव्हती. शेवटच्या दिवशी पळसदेवनं इचारलं, "अवो, दार उघडलं का तिनं?" तात्यांना कायच म्हाईत नव्हतं. ते दवाखान्यातच व्हते, कुठली शिरेल अन् कुठलं दार. पण ते म्हणाले, "उघडलं." तिनं डोळं मिटलं.

"मग उघडलं व्हतं का खरंच?" मी इचारलं.

"तेच तर म्हाईत न्हाय ना," तात्या म्हणाले. "तो हप्ता माझा गेला. कन्हेरीला इचारलं, ती दुसऱ्या फलाटावरची पॅसेंजर. मी घरी आलो, टीवी लावला, तर सून आत सैपाक करतीया. आत आली म्हंजे कुणीतरी उघडलंच असंल. पण सासूनं उघडलं का खिडकीतनं आली, काय सांगावं."

त्या दिवसापास्नं तात्या सातची सोडत नव्हते. तिच्यातलं त्येंना अर्धं कळायचं न्हाय, मलाच इचारायचे, ही कोण, मघाशी मेली ती ही का. पण सातला सातची लागली पायजे अन् दोन नंबरचं बटण दाबलं पायजे. पेटीत पाच शिटा भरलेल्या दिसल्या तर सातची चालू ऱ्हाणार, असा त्येंचा हिशेब. मला ते खरं वाटायचं. आजून बी वाटतं.

मग पावसाळा सरता सरता च्यानलनं सातची साडेसहाला नेली. सातला लहान पोरांची गाण्याची स्पर्धा लावली. तात्यांनी वहीत लिहिलं अन् वही मिटली. "आता बघ," म्हणाले. "रूट बंद करायची हीच रीत असती. एकदम बंद केला तर लोक वरडत्यात. म्हणून आधी टाईम बदलायचा. टाईम बदलला की पॅसेंजर कमी व्हतो. मग म्हणायचं, पॅसेंजरच न्हाई, काय करावं."

"मग आता?"

"अर्ज करायचा."

त्येंचा उजवा हात थरथरायचा, बटण दाबता यायचं पण लिहिता यायचं न्हाय नीट. वहीतल्या ओळी बी गोगलगाय चालल्यासारक्या. म्हणून मला लिहाया बसवलं. इसू पायाशी चमचा वाजवतीय, अन् तात्या खुर्चीत ताठ बसून भोंग्यातल्या आवाजात सांगत्यात, अन् मी धापा टाकत लिहितीय, कारण आठवीनंतर मी किराणाच्या यादीपरास लांब कायबी लिहिलं नव्हतं. प्रति, माननीय कार्यक्रम प्रमुख साहेब, मुंबई. विषय. अमुक करणेबाबत. मी जसं ऐकलं तसं लिहिलं. दोन पानं झाली. तात्यांनी चष्मा लावला अन् वाचाया घेतलं.

वाचता वाचता थांबले. परत पहिल्यापास्नं वाचलं. मग मला म्हणाले, "लासुर्णे, हे तू वाच मोठ्यांदा."

मी वाचलं. "विषय, सायंकाळी सात वाजताची मालकीण पूर्ववत करणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, आमच्या घरी सात वाजता येणारी मालकीण आता सातला येत नाही. साडेसहा ही वेळ धारंची असल्याने तिची गाठ पडत नाही. मालकीण नसल्याने सातचा फलाट मोकळा राहतो. सदर मालकीण कित्येक वर्षे नियमित येत होती व तिच्याबद्दल कसलीही तक्रार नव्हती. तरी मेहेरबानांनी सदर मालकीण परत करावी ही विनंती."

"मालकीण?" तात्या म्हणाले.

"तुमीच म्हणाला."

"मालिका म्हणालो मी. मालिका. शिरेलीला सरकारी भाषेत मालिका म्हणत्यात."

आगं आई! मला काय ठावं! आमी जलमभर शिरेलच म्हणलं. मला वाटलं तात्या पळसदेवकाकूंचंच सांगत्यात. मला तवा काय इचित्र बी वाटलं न्हाय त्यात, ह्येचंच मला नवल वाटतं. माझं त्वांड लालेलाल. मी म्हणाले, "द्या तात्या, दुसऱ्या कागदावर लिहिते, आत्ता लिहिते." अन् कागद वढाया गेले, तर त्येंनी कागद छातीशी धरला.

"ऱ्हाऊ दे."

"आवो हसत्याल लोक."

"हसू देत." कागदाची घडी घातली, चार घड्या, नखानं दाबून. "अर्ज बरोबर हाय. फक्त खातं चुकलं." अन् ते उठून आत गेले, ते बराच येळ मोरीत त्वांड धुत राह्यले. भाईर आले तवा चष्म्याला पाणी लागलेलं.

अर्ज तसाच टपालात गेला.

उत्तर आलं न्हाय. उत्तर कुठलं येतंय. पण दिवाळी झाली अन् एक दिवस टीवीवर खाली पट्टी फिराया लागली, की सोमवारपास्नं आपली आवडती मालिका परत सात वाजता. मी पट्टी वाचली अन् इसूला घेऊन नाचाया लागले. "तात्या, अर्ज पोचला! वाचला त्येंनी!"

"गाण्याची जादा गाडी रिकामी गेली असंल," तात्या म्हणाले. "अर्ज वाचला असता तर हसून हसून मेली असती माणसं." असं म्हणाले खरं. पण सोमवारी मी गेले तर अंगात इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, खुर्ची जरा बाजूला सरकवून ठेवलेली. लाल दिवा लुकलुकला तसा त्येंनी आधी एक दाबलं न्हाय. आधी दोन दाबलं. मग आपलं.

त्येच दिवसात आमच्या मालकीणबाईची जीभ सुटली. मालकीणबाई म्हंजे आमच्या खोलीची, भाडं घेणारी. नळाला मला गाठलं. "काय गं, रोज सातला केस इचरून कुठं जातीस?"

"तात्यांकडं. शिरेल बघाया."

"शिरेल बघाया जातीस का शिरेल दावाया? म्हाताऱ्यानं बायकोचं मढं घालवलं अन् सदऱ्याला इस्त्री कराया लागला. घालू का नवऱ्याच्या कानावर?"

बाया हसल्या. कुणी वाईट अर्थानं हसलं नसंल बी. पण मी अर्धीच भरलेली घागर उचलून घरी आले. ह्येंचा सोभाव तापट न्हाय, तरी पण मला झोप लागंना, कानात तेच, घालू का, घालू का. दुसऱ्या दिवशी मी सातला गेले न्हाय. भिंतीपल्याडनं तात्यांचा आवाज आला, "सातची फलाटावर लागलीय." मी भाकरीचं पीठ काढाया घेतलं. परत आला, "लासुर्ण्याच्या प्रवाशांनी लक्ष द्यावं." इसू ऐकून भिंतीकडं रांगत गेली. मग मी बी गेले. खाली मान घालून, भिंतीच्या कडंकडंनं, चोरासारकी.

कंपनीचा माणूस आला तो असाच उन्हाळ्यातल्या एका दिवशी, पाचच्या सुमाराला. आमच्या पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारकं व्हायचं म्हणून मी इसूला घेऊन तात्यांच्या पायरीवर बसलेली. तात्या दुकानात गेलते. त्यो माणूस गळ्यात पिशवी, हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद. चांगला शांत माणूस दिसला. मला बघून हसला अन् म्हणाला, "नमस्कार. तुम्ही सूनबाई ना? चार नंबर?"

अन् मी बघितलं तर पलीकडं मालकीणबाई दोरीवर कापडं वाळत घालतीय. घालतीय कसली, वलं लुगडं तसंच हातात धरून कान देऊन उभी.

चार नंबर म्हणाले असते तर काय झालं असतं? न्हायतर नुस्तं म्हाईत न्हाय म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मला येवढंच दिसलं, की ह्यो माणूस मला तात्यांच्या घरातली समजतोय अन् ती ऐकतीय. मी उठलेच ताडकन. "न्हाय न्हाय! मी कुणी न्हाय त्येंची. मी शेजारची. मी येत बी न्हाय फारशी. हितं कुणी बाई न्हाय. तात्या एकलेच असत्यात. बायको वारली, पोरगं चाकणला, कुणी येत न्हाय, कुणी न्हाय हितं, एकलेच असत्यात." श्वास न घेता बोलले. बोलून झाल्यावर मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

त्या माणसाचा पेन थांबला. "कधीपासून?" त्येनं हळू इचारलं.

मी इसूला उचलून कडंवर घेतलं. तवर फाटक वाजलं. तात्या. हातात बिस्किटाचा पुडा, इसूसाठी आणलेला. त्येंनी माणसाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्येंना कळलं.

"तात्या," माणूस म्हणाला, "तुमची पाचही बटणं रोज सात ते साडेसात लागतात. आम्ही ऑफिसात म्हणायचो, काय घर आहे, रोज सगळे एकत्र बसतात."

"नोंद खोटी हाय साहेब," तात्या म्हणाले. ताठ उभे राह्यले, हात बाजूला. "चूक माझी. पोरीचा काय संबंध न्हाय."

"पण असं का केलंत?"

तात्यांनी पुढं येऊन पुडा इसूच्या हातात दिला. मग म्हणाले, "रिकामी गाडी बी टायमावर सोडावी लागती. आज रिकामी हाय म्हणून सोडली न्हाय, तर उद्या जो येणार असंल त्यो कशानं येणार?"

माणसानं मान हालवली. पण नेम म्हंजे नेम. त्येनं आत जाऊन वायरी काढल्या, पेटी काढली, बारका रिमोट घेतला. तात्यांनी सोता टीवी भिंतीपास्नं वढून धरला, त्येला हात घालता यावा म्हणून. जाताना त्येनं तात्यांच्या पाया पडल्यासारकं केलं. मालकीणबाईचं लुगडं आजून हातातच.

आठ दिवस मी गेले न्हाय. भिंतीपल्याडनं आवाज बी आला न्हाय. सातला टीवी लागल्याचं ऐकू यायचं, साडेसातला बंद झाल्याचं. नवव्या दिवशी इसूच भिंतीला हात लावून रडाया लागली, तवा गेले. दारात उभी राह्यले. तात्या म्हणाले, "ये लासुर्णे. बस." टीवीखाली धुळीत पेटीयेवढा चौकोन सोच्छ राह्यलेला.

"तात्या, माझ्यामुळं..."

"खरं सांगितलंस. लॉगशीट खरीच पायजे." येवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं मला.

म्हयन्यात सातची बंद झाली. एका पेटीनं शिरेल बंद व्हत न्हाय, मला म्हाईत हाय, ह्येंनी बी मला तेच समजावलं, आख्ख्या राज्यातल्या पेट्या असत्यात म्हणाले. तरी पण. शेवटच्या दिवशी सगळी माणसं, सासू, सून, मेलेला दीर सुदीक, एका वळीत उभी राहून हसली अन् हात जोडले. तात्या म्हणाले, "सगळे एकाच गाडीत चढले की समजायचं शेवटचा थांबा." मग टीवी बंद करून काळ्या काचंकडं बघत म्हणाले, "दाराचं तेवढं राह्यलं."

त्येच उन्हाळ्यात ह्येंच्या कंपनीनं माणसं कमी केली. आमचं इंदापूरला, ह्येंच्या चुलत्याकडं जायचं ठरलं. सामान घेऊन हे टेंपोनं सकाळी म्होरं गेले. मी अन् इसू संध्याकाळच्या गाडीनं. तात्या स्टँडावर सोडाया आले. इस्त्रीचा सदरा. आधी जाऊन कंट्रोलरच्या खिडकीत वाकून बघून आले, "सातची इंदापूर, टायमात हाय," म्हणाले, जसं काय मीच इचारलं व्हतं. मला खिडकीची शीट धरून दिली. इसूच्या गालाला बोट लावलं. "हाफ तिकीट. पुढल्या खेपंला तुला बटण लागंल."

मी म्हणाले, "तात्या, या इंदापूरला." ते म्हणाले, "तितं माझं काय राह्यलंय, सगळ्या गाड्या सोडून झाल्या."

कंडक्टरनं घंटी दिली. तात्या फलाटावर खांबाजवळ उभे, मागं माणसांची गर्दी, समदी आपापल्या गाड्या बघणारी. त्येंनी डावा हात पुढं धरला, तळवा वर. अन् उजव्या हाताचा अंगठा त्या तळव्यावर टेकवला. एकदा. मग जरा थांबून दुसऱ्यांदा. तीन. चार. पाच. गाडी हालली. ते माझ्याकडं बघत व्हते. मग सहाव्यांदा दाबला, जरा जास्त येळ.

मी इसूला काचंशी धरली. सात वाजलं व्हतं. चढायला बी त्येच बटण, उतरायला बी त्येच. त्येंनी मला चढवलं का उतरवलं, ते मला काचंतनं कळलं न्हाय.